नोंदवहीतले नाव

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी मी घरी केली नाही. माझी भाची मेघना नवऱ्याच्या नोकरीमुळे बेल्जममध्ये ब्रुसेल्सला राहते. ‘आत्या, एकदा तरी ये’ म्हणून तिने पाच-सहा वर्षे लकडा लावला होता. शेवटी चिवडा-चकलीचे डबे, दोन पणत्या आणि गुडघ्यांची औषधे घेऊन मी निघाले.

धनत्रयोदशीच्या दिवशी आम्ही अँटवर्प पाहून आगगाडीने परत येत होतो. संध्याकाळ झाली होती. मेघनाची सात वर्षांची मुलगी ईरा खिडकीला नाक लावून बसली होती. ब्रुसेल्सचे उत्तर स्थानक जवळ आले तशी गाडी मंदावली. रुळांच्या कडेने एक अरुंद रस्ता जातो. त्या रस्त्यावरच्या जुन्या घरांच्या तळमजल्यावर मोठमोठ्या काचेच्या खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीत लाल-जांभळा दिवा आणि दिव्याखाली खुर्चीवर एकेक बाई बसलेली.

ईराने माझा पदर ओढला. ‘‘आजी, त्या मावश्या दिवे लावून का गं बसल्यात? त्यांचीपण दिवाळी आहे का?’’

मेघनाने माझ्याकडे पाहिले, मी मेघनाकडे. एवढ्यात स्थानक आले आणि आम्ही दोघी सामानाच्या गडबडीत पडलो. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही मुलीच्या एका प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, ही रुखरुख मात्र मनात राहिली. त्या घरांचा इतिहास मला थोडाफार ठाऊक होता. परत आल्यावर अधिक वाचला. त्याचीच ही हकीकत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हा विषय थोडा कडू आहे खरा. पण आपल्याकडे अभ्यंगानंतर कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात, हे वाचकांना सांगायला नकोच.

बेल्जम हा देश केवढा? आपले पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे जोडले तर जेवढा मुलूख होईल, जवळजवळ तेवढाच. 1830 साली तो हॉलंडपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. कोळसा, लोखंड आणि काच यांच्या जोरावर पाहता पाहता श्रीमंत झाला. इंग्लंडबाहेर युरोपात यंत्रयुग प्रथम रुजले ते इथेच. ब्रुसेल्सहून मेखेलेनला आगगाडी धावली ती 1835 साली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या अठरा वर्षे आधी. ब्रुसेल्सची नाजूक लेस तर राजघराण्यांतून नावाजलेली.

1880 साली या देशाने स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. राजा लिओपोल्ड दुसरा गादीवर होता. राजधानीत भव्य राष्ट्रीय प्रदर्शन भरले, मिरवणुका निघाल्या, रोषणाई झाली. जगाने आपले कौतुक करावे अशी त्या छोट्या देशाची हौस होती, आणि ती रास्तच होती. पण नेमक्या त्याच वर्षी ब्रुसेल्सचे नाव युरोपभर गाजले ते एका वेगळ्याच कारणाने.

त्या काळी ब्रुसेल्समध्ये वेश्याव्यवसाय चोरून चालत नसे. त्याला सरकारी शिस्त होती. कुंटणखान्यांना परवाने मिळत. तिथे राहणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढे. आठवड्यातून दोनदा डॉक्टर येऊन तपासणी करी. नीतिविभाग म्हणून पोलिसांचे एक खास खातेच होते. बाई एकवीस वर्षांवरची असली पाहिजे आणि स्वखुशीने आली असली पाहिजे, असे नियम होते. कागदावर पाहिले तर सारे चोख. युरोपातले कितीतरी अधिकारी ही व्यवस्था नमुनेदार म्हणून वाखाणत असत. रोगाला आळा बसतो, गुन्हेगारीवर नजर राहते, आणि सभ्य घरांच्या अंगणात हा चिखल येत नाही, असे तिचे समर्थन केले जाई.

या नमुनेदार व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो आल्फ्रेड डायर नावाच्या लंडनच्या एका पुस्तकप्रकाशकाने. हा क्वेकर पंथाचा, कडक आचाराचा, काहीसा हट्टी गृहस्थ. ब्रुसेल्समधल्या एका परवानाधारक घरात एका इंग्रज मुलीला तिच्या मनाविरुद्ध ठेवले आहे, ही वार्ता 1879च्या अखेरीस त्याच्या कानांवर आली. लग्नाचे वचन देऊन तिला समुद्रापार नेले होते. त्या घरात आलेल्या एका माणसाला तिची दया आली आणि बातमी बाहेर फुटली.

डायरने वर्तमानपत्रांत पत्रे लिहिली. ब्रुसेल्सच्या पोलिसांनी ताबडतोब उत्तर धाडले की असे घडणे शक्यच नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही स्वतः विचारतो, दाखला पाहतो, मगच नाव नोंदवतो. डायर चिकाटीचा माणूस. एका मित्राला बरोबर घेऊन तो 1880च्या सुरुवातीला स्वतःच ब्रुसेल्सला गेला. ‘मला इथून सोडवा’ असे म्हणणारी मुलगी त्याला प्रत्यक्ष भेटली. पण तिला बाहेर काढायला पोलीस काही उठले नाहीत. कारण नोंदवहीत सारे ठीक होते!

हे सारे ‘ठीक’ कसे होत असे, ते समजून घेण्याजोगे आहे. या इतिहासाचे मर्म तिथेच आहे.

लंडनमध्ये दलाल असत. मोलकरणीचे काम शोधणारी, आईबाप नसलेली किंवा घरात भांडून निघालेली मुलगी ते हेरीत. परदेशात चांगले घर आहे, पगार चांगला आहे, कधी लग्नच करतो, असे सांगत. मुलगी सतरा-अठरा वर्षांची, नियम एकवीसचा. मग तोड काय? लंडनला सॉमरसेट हाउस नावाच्या भल्यामोठ्या इमारतीत साऱ्या देशाच्या जन्मनोंदी ठेवलेल्या होत्या. चार-दोन शिलिंग भरले की कोणालाही कोणाच्याही जन्माचा दाखला मिळे. दलाल एखाद्या बावीस-तेवीस वर्षांच्या, कुठल्यातरी भलत्याच मुलीचा अस्सल दाखला काढून आणी. तो खोटा नव्हता. शिक्का खरा, सही खरी. खोटे होते ते एवढेच की तो हातात घेऊन उभी असलेली मुलगी दुसरीच होती.

ब्रुसेल्सला उतरल्यावर तिला पोलीस कचेरीत नेत. तिथे सारे फ्रेंच भाषेत चाले. ‘विचारतील त्याला हो म्हण, जकातीचे काम आहे’ असे काहीतरी तिला पढवलेले असे. साहेब विचारी, ती मान हलवी. नोंदवहीत दुसरीचे नाव चढे. त्या क्षणापासून ती स्वतःच्या नावाला मुकली.

मग घरात गेल्यावर अंगावरचे कपडे काढून घेत आणि तिथले झगमगीत कपडे देत. त्या कपड्यांची किंमत, दलालाला दिलेले पैसे, जेवणखाण, डॉक्टर, सारे तिच्या खात्यावर कर्ज म्हणून मांडले जाई. हे कर्ज फिटत नसे. कोकणात आणि देशावर सावकाराच्या चोपड्या पाहिलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे गणित सहज उमगले असते. बाहेरचे दार किल्लीशिवाय उघडत नसे आणि किल्ली मालकिणीकडे. तरीही एखादी म्हणालीच की मी पोलिसांकडे जाते, तर तिला सांगत, ‘जा की! खोट्या नावाने नोंद केलीस हा गुन्हा आहे. तुरुंगात तूच जाशील.’

आणि ही नुसती धमकी नव्हती. एका मुलीची साक्ष पुढे या प्रकरणात फार गाजली. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ती एकोणीस वर्षांची मोलकरीण. कामाच्या मिषाने तिला ब्रुसेल्सला आणले आणि परक्या नावावर नोंदवले. तपासणीत तिच्या शरीरात जन्मजात दोष आढळला. वास्तविक तिथेच तिची सुटका व्हायला हवी होती. उलट तिला इस्पितळात टाकले आणि कुंटणखान्याच्या उपयोगी पडावी म्हणून तिच्यावर यातनामय उपचार केले. फसवणारे मोकळे राहिले आणि खोट्या नावाचा गुन्हा मात्र तिच्या पदरात पडला. जिला नोंदवहीने राखायचे, तिलाच नोंदवहीने बांधून घातले होते.

या वेळी जोसेफिन बटलर या बाईंनी हे प्रकरण हाती घेतले. या बाईंची थोडी ओळख करून दिली पाहिजे. त्या 1828 साली जन्मल्या. पती जॉर्ज बटलर हे विद्वान शिक्षक, पुढे लिव्हरपूलच्या कॉलेजचे प्रमुख. घर सुखवस्तू. 1864 साली त्यांची पाच वर्षांची एकुलती एक मुलगी ईव्हा, आईबाप बाहेरून आलेले पाहून त्यांना भेटायला धावली आणि जिन्याच्या कठड्यावरून खाली पडून गेली. त्या दुःखात बटलरबाई लिव्हरपूलच्या अनाथ-कंगालगृहात जाऊ लागल्या. तिथे दोरखंड उसवीत बसलेल्या बायकांच्या शेजारी जमिनीवर बसून त्याही दोरखंड उसवू लागल्या. त्यांतल्या काही आजारी मुलींना त्यांनी स्वतःच्या घरात आणून ठेवले. नवऱ्याने कधी ‘का?’ म्हणून विचारले नाही, हेही इथे नोंदवून ठेवावे. अशा कामात पाठीशी उभे राहणारे घर मिळणे ही लहान गोष्ट नाही.

इंग्लंडातही 1864पासून लष्करी ठाण्यांच्या आसपास वेश्यांची सक्तीने तपासणी करण्याचे कायदे होते. त्यांच्याविरुद्ध बटलरबाई 1869पासून लढत होत्या. सभ्य बाईने या विषयावर तोंड उघडणे हेच तेव्हा पाप. त्यांच्या सभांवर दगड पडले. एकदा तर त्या होत्या त्या जागेला आग लावण्याचा प्रयत्न झाला. त्यांचे म्हणणे साधे होते. तपासणी बाईची, नोंद बाईची, शिक्षा बाईला. आणि पुरुषाचे नाव कुठल्याच वहीत नाही, हा कसला कायदा?

1 मे 1880 रोजी बटलरबाईंनी जाहीर निवेदन काढले की ब्रुसेल्समध्ये अल्पवयीन इंग्रज मुली डांबून ठेवल्या आहेत आणि पोलिसांना ते ठाऊक आहे. एकच गहजब उडाला. सुवर्णमहोत्सवाच्या ऐन मोसमात ही नाचक्की! बेल्जमच्या अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला. बटलरबाईंनी शपथेवर जबानी दिली. लंडनमध्ये एक समिती उभी राहिली. लंडन नगरीचे खजिनदार बेंजामिन स्कॉट तिचे अध्यक्ष झाले. इंग्रज सरकारने स्नॅग नावाच्या बॅरिस्टरला चौकशीसाठी ब्रुसेल्सला पाठवले. डिसेंबर 1880मध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयात कुंटणखान्यांचे मालक आणि दलाल यांच्यावर खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाल्या. पुढे पोलिसांतल्या वरिष्ठांचे या घरांशी असलेले लागेबांधे वर्तमानपत्रांनी वेशीवर टांगले आणि त्यांनाही खुर्च्या सोडाव्या लागल्या.

इथे इतिहासाच्या शिक्षिकेने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चळवळीच्या भरात अतिशयोक्ती झाली. जणू हजारो कोवळ्या मुली रोज पळवल्या जात आहेत, असे चित्र उभे राहिले. ते खरे नव्हते. ज्यांची प्रकरणे प्रत्यक्ष शाबीत झाली त्या मुली थोड्या होत्या. स्नॅगसाहेबांना असेही दिसले की कित्येक मुलींना आपण कोणत्या कामाला जात आहोत याची कल्पना होती. विरोधकांना तेवढेच हवे होते. ‘ठाऊक होते ना? मग तक्रार कसली?’ असे ते म्हणू लागले.

पण स्नॅगसाहेबांनी त्याच चौकशीत पुढचीही गोष्ट पाहिली. काम ठाऊक होते, पण तुरुंग ठाऊक नव्हता. दाराला कुलूप असेल, कपडे काढून घेतले जातील, कर्ज फिटणार नाही, नाव बदलले जाईल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मला वाटते, या साऱ्या प्रकरणातून शिकायचे ते हेच. बाई त्या दारातून आत कशी गेली, हा प्रश्न आपण फार विचारतो. भोळी होती की जाणती, चांगल्या घरची की वाईट चालीची, याच्या चौकशा करतो. खरा प्रश्न दुसराच आहे. तिला बाहेर यायचे झाले तर येता येते का? गुलाम कोण, हे आत येताना ठरत नाही. ते बाहेर पडताना ठरते.

ब्रुसेल्सच्या खटल्याचे पडसाद दूरवर उमटले. इंग्लंडात उमरावांच्या सभागृहाने चौकशी समिती नेमली. 1885 साली संमतिवय तेरावरून सोळावर गेले. 1886 साली सक्तीच्या तपासणीचे कायदे तिथे रद्द झाले.

त्यांतले काही पडसाद थेट आपल्या मुंबईला येऊन भिडले, हे फारसे कोणाला माहीत नसते. हिंदुस्थानात 1868पासून तशाच तपासणीचा कायदा लागू होता आणि गोऱ्या पलटणींच्या छावण्यांतून सरकारी देखरेखीखाली चकले चालत. 1886 साली लष्कराच्या वरिष्ठांकडून एक परिपत्रक निघाले. छावणीतल्या बाजारात बायकांची संख्या पुरेशी असावी आणि त्या दिसायलाही बऱ्या असाव्यात, अशी काळजी त्यात घेतलेली होती! जो आल्फ्रेड डायर ब्रुसेल्सच्या पोलिसांशी भांडला होता, तोच या सुमारास मुंबईला आला. छावण्या हिंडून त्याने जे पाहिले ते इंग्लंडला कळवले, आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवायला घेतले. पार्लमेंटात बोभाटा झाला आणि 1888 साली हिंदुस्थानातला तो कायदा मागे घ्यावा लागला. छावण्यांतली रीत त्यामुळे एका दिवसात बंद पडली नाही. पण सरकारला लाजेने मान खाली घालावी लागली. सॉमरसेट हाउसच्या दाखल्यापासून निघालेला धागा असा आपल्या दारापर्यंत येतो.

आता थोडे नावाविषयी. युरोपात या व्यापाराला ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असे नाव पडले होते. 1904 साली पॅरिसला पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला तो याच नावाने. नावातच मेख आहे. गोरी मुलगी विकली गेली तर युरोपला गुलामगिरी दिसे. आणि जिची कातडी गोरी नाही तिचे काय? ज्या लिओपोल्ड राजाच्या राजधानीत हा खटला चालला, त्याच राजाने 1885पासून आफ्रिकेतल्या कॉंगोत रबरासाठी माणसांचे काय केले, ते जगाला ठाऊक आहे. पुरुषांनी ठरलेले रबर आणावे म्हणून तिथे त्यांच्या बायकांना ओलीस धरीत. त्या बायकांची नावे तर कोणत्याच वहीत नव्हती. 1921 साली राष्ट्रसंघाच्या कराराने ‘गोऱ्या’ हा शब्द गाळला आणि ‘स्त्रिया व मुले’ असे म्हटले. 1949 साली संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्याला धरून आपल्याकडे 1956 साली अनैतिक व्यापाराच्या प्रतिबंधाचा कायदा झाला. खुद्द बेल्जमने नोंदवही आणि परवाने ही पद्धत रद्द केली ती 1948 साली, त्या खटल्यानंतर अडुसष्ट वर्षांनी.

मग प्रश्न मिटला का? मिटला असता तर ईराला ते दिवे पाहून कोडे पडले नसते असे मी म्हणणार नाही, कारण त्या खिडक्यांतली प्रत्येक बाई फसवून आणलेली आहे असे नाही. पण मधल्या काळात नोंदवही गेली तरी तिची युक्ती गेली नव्हती.

1992 साली क्रिस द स्टोप या बेल्जन पत्रकाराचे एक पुस्तक निघाले आणि देश पुन्हा हादरला. फिलिपाइन्स, लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप इथल्या गरीब मुलींना नर्तकी, कलावंत म्हणून करार करून आणायचे. त्या कराराच्या जोरावर राहण्याचा परवाना काढायचा. आल्यावर पासपोर्ट काढून घ्यायचा. विमानाचे भाडे कर्ज म्हणून मांडायचे आणि मद्यगृहांतून त्यांना विकायचे, असा धंदा चालला होता. पळून जाऊन पोलिसांकडे गेलीच तर? परवाना कलावंताचा, काम भलतेच. म्हणजे गुन्हेगार तीच, आणि विमानात बसवून परत पाठवायचे तेही तिलाच. वाचकांना शंभर वर्षांपूर्वीचा तो अस्सल दाखला आठवला असेल. दाखल्याच्या जागी करार आला होता, इतकेच. पत्रकाराने लिहून ठेवले, बाकी सारे पूर्वीचेच.

या वेळी मात्र एक वेगळी गोष्ट घडली. तेव्हा बोदुएँ हा राजा गादीवर होता. शांत, देवभोळा, अपत्य नसलेला माणूस. त्याच साली तो अँटवर्पला पायोके नावाच्या आश्रयगृहात गेला. अशा बायकांना आसरा देणारी ही संस्था. तिथे बसून राजाने त्यांच्या तोंडून त्यांची कहाणी ऐकली. पुढच्याच वर्षी, 1993च्या जुलैअखेरीस, तो अचानक वारला. 7 ऑगस्टला ब्रुसेल्सच्या सेंट मायकेल आणि सेंट गुडुला यांच्या कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला. राणी फाबिओला पांढऱ्या वेशात आली होती. इंग्लंडची राणी होती, जपानचे सम्राट होते, देशोदेशींचे राष्ट्रप्रमुख होते. आणि त्या सर्वांसमोर, वेदीजवळ, फिलिपाइन्सहून फसवून आणलेली एक बाई उभी राहिली. त्या पत्रकाराच्या साथीने तिची कहाणी तिथे सांगितली गेली. राजाने आमचे ऐकून घेतले, हे तिचे सांगणे होते.

हे कॅथीड्रल मी पाहिले आहे. रंगीत काचांतून उन्हाचे तुकडे फरशीवर पडले होते. मी बराच वेळ एका बाकावर बसून राहिले. 1880 साली जिला आपले खरे नाव पोलीस कचेरीत सांगता आले नाही, आणि 1993 साली जिचे बोलणे सम्राटांना ऐकावे लागले, त्या दोघींमध्ये एकशे तेरा वर्षांचे अंतर आहे. एवढे चालायला तेवढा वेळ लागला. लवकर झाले की उशिरा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पार्लमेंटने चौकशी समिती नेमली होतीच. 13 एप्रिल 1995 रोजी माणसांच्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला. त्याच्या जोडीची व्यवस्था मला त्याहूनही मोलाची वाटते. सापडलेल्या बाईला लगेच हाकलायचे नाही. 45 दिवस तिला शांतपणे विचार करू द्यायचा. दलालाविरुद्ध साक्ष द्यायला ती तयार झाली तर देशात राहण्याची परवानगी आणि मदत द्यायची. म्हणजे खोट्या कागदाची भीती जी दलालाच्या हातातली काठी होती, ती काठीच काढून घ्यायची. पुढे 2000 सालच्या आंतरराष्ट्रीय करारानेही हे तत्त्व मानले की फसवून, धाकाने किंवा अगतिकतेचा फायदा घेऊन मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे.

अलीकडे, 2022 साली, बेल्जमने प्रौढ बाईने स्वखुशीने केलेल्या या व्यवसायाशी निगडित बऱ्याच गोष्टी गुन्ह्यांच्या यादीतून काढल्या. 2024 साली तर अशा बायकांना नोकरीचा करार, आजारपणाची रजा आणि गिऱ्हाईक नाकारण्याचा हक्क देणारा कायदा झाला. कोणी म्हणते हा शहाणपणा आहे, कोणी म्हणते ही जुनी नोंदवहीच नव्या पुठ्ठ्यात आली आहे. मला निवाडा करता येत नाही. मी फक्त जुनी हकीकत आठवून म्हणते की कागद कितीही चोख असला तरी कागदाकडे पाहू नये, दाराकडे पाहावे. आतल्या बाईला ते उघडता येते का? ‘नको’ म्हणण्याचा हक्क कायद्यात आहे. तो त्या लाल दिव्याखालच्या खुर्चीपर्यंत पोचतो का? नायजेरियातून देवाच्या शपथा घालून, कर्जाखाली आणलेल्या मुलीही त्याच उत्तर स्थानकामागे सापडल्या आहेत. त्यांच्यापर्यंत तो पोचला तर कायदा खरा.

आणि हे दूरच्या देशाचे दुखणे म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. घरकामाला ठेवतो, लग्न लावून देतो, मुंबईत नोकरी देतो असे सांगून नेलेल्या मुली आपल्याही ओळखीच्या गावांतल्या असतात. आपणही पहिला प्रश्न तोच विचारतो, ‘गेलीच कशी?’

नरकचतुर्दशीला पहाटे मेघनाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आम्ही पणत्या लावल्या. नरकासुराची गोष्ट सांग म्हणून ईरा मांडीवर येऊन बसली. त्याने सोळा हजार जणींना कोंडून ठेवले होते आणि कृष्णाने त्याला मारून त्यांना सोडवले, हे तिला ठाऊकच होते. पण त्या सुटल्यानंतर त्यांना कोणी घरात घेईना, तेव्हा कृष्णाने त्या सर्वांना आपले नाव दिले, हा भाग मी तिला त्या दिवशी मुद्दाम सांगितला. लहानपणी माझ्या आजीने तो घाईघाईत उरकला होता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आणि त्या खिडकीतल्या मावश्या?’’

मुलांना काही विसरता येत नाही. मी म्हटले, ‘‘त्या तिथे काम करतात, बाळा. काही जणी आपल्या मनाने. काही जणींना कोणीतरी फसवून आणलेलं असतं. त्यांना तिथून जायचं असेल तर त्यांच्यासाठी याच गावात एक घर आहे.’’

‘‘त्या घराचं नाव काय?’’

‘‘पाग-आसा.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘फिलिपाइन्सच्या भाषेत आशा. आपलाच शब्द आहे तो. फार वर्षांपूर्वी संस्कृतातून तिकडे गेला.’’

ईराने तो दोनदा म्हणून पाहिला. मग उठून तिने एक पणती उचलली आणि खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, रस्त्याच्या बाजूला नेऊन ठेवली. मेघना पडदा जळेल म्हणून ओरडली. मी पडदा बाजूला धरून उभी राहिले.